जखमींचा सारथि : मेजर चार्ल्स केली



ज्युबिलीच्या या मंगल समयीं देऊळ उभारणाऱ्या पूर्वजांचें स्मरण करणें उचितच आहे. परंतु आजच्या व्याख्यानासाठीं आम्हीं एका परदेशी सैनिकाचें चरित्र निवडलें आहे. युद्धाचे गोडवे गावेत हा आमचा हेतु नाहीं. अधिकार कोणासाठीं वापरावयाचा, या प्रश्नाचें त्या पुरुषानें प्राण वेंचून जें उत्तर दिलें, तें कोणत्याहि समाजानें ऐकावें असें आहे.

चार्ल्स केली यांचा जन्म १० एप्रिल १९२५ रोजीं अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते पायदळांत लढले आणि जर्मनींतील आखेन येथें जबर जखमी झाले. युद्धानंतर शिक्षण पुरें करून कांहीं काळ त्यांनीं शिक्षणाच्या क्षेत्रांत काम केलें. पुढें सैन्याच्या वैद्यकीय विभागांत अधिकारी होऊन ते हेलिकॉप्टर चालविण्यास शिकले. रणांगणावर पडून राहण्याच्या वेदना ज्यानें स्वतः भोगल्या, त्याच्याच हातीं जखमींस उचलून आणण्याचें साधन आलें.

हें साधन किती अमोल, हें सांगावयास हवें. साध्या विमानास धावपट्टी लागते. हेलिकॉप्टर भाताच्या खाचरांतहि उतरतें. दक्षिण व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या मुखाकडील प्रदेश म्हणजे कालवे, चिखल आणि भातशेतें. तेथें जखमी माणसास डोलींतून रुग्णालयांत नेईपर्यंत त्याचा प्राण टिकेलच असें नसे. म्हणून एप्रिल १९६२ मध्यें अमेरिकन सैन्याचें ५७ वें वैद्यकीय हेलिकॉप्टर पथक पांच ‘ह्युई’ हेलिकॉप्टरें घेऊन त्या देशांत आलें. बिनतारी संदेशांत या पथकाचें नांव ‘डस्टऑफ’ असें पडलें. उतरतांना व उठतांना धुळीचे लोट उठविणाऱ्या या यानांस तें नांव फारच शोभलें. जानेवारी १९६४ मध्यें मेजर केली या पथकाचे प्रमुख झाले.

त्यांचा पहिला झगडा शत्रूशीं नव्हे, स्वपक्षाशींच झाला. हेलिकॉप्टरांची टंचाई होती. लाल क्रूस रंगविलेलीं यानें जखमी नसतील तेव्हां इतर वाहतुकीस लावावींत, असा विचार ब्रिगेडियर जनरल जोसेफ स्टिलवेल यांच्यासारखे वरिष्ठ करूं लागले. वरवर पाहतां हा विचार काटकसरीचा दिसतो. परंतु जखमी होण्याची वेळ कोणी आगाऊ कळवीत नाहीं. यान सामान पोंचविण्यास गेलें असतां हांक आली, तर त्या काटकसरीची किंमत जखमी माणूस आपल्या प्राणानें चुकवितो. केली यांनीं हा प्रस्ताव ठामपणें नाकारला.

मात्र नुसत्या शब्दांवर ते थांबले नाहींत. १ मार्च १९६४ रोजीं दोन हेलिकॉप्टरांची तुकडी सॉक ट्रांग येथें हलविण्यांत आली. पथकप्रमुखास सायगांव येथील मुख्य ठाण्यांत बसून हुकूम सोडतां आले असते. केली स्वतः त्या तुकडीबरोबर गेले. रात्रीच्या काळोखांत ते एकेका दूरच्या चौकीवरून उड्डाण करीत आणि बिनतारी यंत्रावरून विचारीत कीं, कोणी जखमी आहे काय? हांकेची वाट न पाहतां हांक शोधीत जाणें, ही त्यांची रीत.

१ जुलै १९६४ रोजीं विन लाँगजवळ ते जखमींस घेण्यास उतरले, तोंच गोळीबार सुरू झाला. निघून जाण्याविषयीं खालून पुन्हां पुन्हां सांगण्यांत आलें. केली यांनीं शांतपणें उत्तर दिलें, “तुमचे जखमी हातीं आल्यावर.” इतक्यांत उघड्या दारांतून आलेली एक गोळी त्यांच्या काळजांत शिरली. यान कोसळलें, सोबतचे वांचले, केली गेले. त्यांचें वय ३९ वर्षांचें होतें.

हें धाडस अविचाराचें होतें असें कोणी म्हणेल. त्याच गोळीचा दाखला देऊन, आतां तरी सांभाळून उडणार ना, असें एका वरिष्ठानें त्यांच्या जागीं तुकडी सांभाळणाऱ्या पॅट्रिक ब्रेडी यांस विचारलें. केली यांनीं शिकविलें तसेंच उडूं, असें ब्रेडी म्हणाले. सिअॅटल येथील कॅथलिक शाळेंत शिकलेल्या या वैमानिकानें ६ जानेवारी १९६८ या एका दिवशीं, दाट धुकें व गोळीबार यांतून, एकामागून एक तीन हेलिकॉप्टरें वापरून ५१ जखमींस बाहेर काढलें. त्या यानांस ४०० हून अधिक भोंकें पडलीं होतीं. १९६९ सालीं ब्रेडी यांस अमेरिकेचें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें.

केली यांच्या मृत्यूनंतर रुग्णवाहू हेलिकॉप्टरें जखमींसाठींच राखून ठेवण्याची प्रथा दृढ झाली. त्या युद्धांत अशा यानांनीं सुमारें साडेआठ ते नऊ लाख सैनिक व नागरिक वाहून नेले. त्यांत व्हिएतनामी लोकांचाहि मोठा भरणा होता. ज्यांच्यासाठीं केली झगडले, त्यांपैकीं बहुतेकांस त्यांचें नांवहि ठाऊक नव्हतें.

बंधुभगिनींनो, प्रत्येक संस्थेजवळ असें एखादें साधन असतें, जें दुर्बळांकरितां राखलेलें असतें. सोयीच्या व काटकसरीच्या नांवाखालीं तें हळूहळू दुसरीकडे वळतें आणि ज्याचें तें असतें, त्याची हांक कोणाच्या कानीं पडत नाहीं. मागील वर्षांचा हिशेब मांडतांना आपण इमारतींबरोबर हेंहि मोजावें कीं, आपल्या वेशीबाहेर कोणी पडून राहिला आहे काय, आणि त्याला विचारावयास आपण स्वतः गेलों काय. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.