खडीची वाट आणि जमिनीची मालकी



एखादा उद्योग बंद पडला की कामगारांचे काय होणार, हा प्रश्न चळवळीने नेहमीच विचारला आहे. त्या उद्योगाखालच्या जमिनीचे काय होणार, हा प्रश्न मात्र बहुधा उशिरा विचारला जातो. आणि तो विचारला जाईपर्यंत जमिनीचे व्यवहार उरकलेले असतात. या दुसऱ्या प्रश्नाचे एक अपुरे, परंतु अभ्यासण्याजोगे उत्तर जर्मनीच्या रूर प्रदेशात पाहावयास मिळते. मोटारींना मज्जाव असलेल्या आणि खडी दाबून केलेल्या सायकलींच्या वाटा, हे त्या उत्तराचे दृश्य रूप होय.

डुइसबुर्गपासून डॉर्टमुंडच्या पलीकडे पसरलेल्या या प्रदेशात ५३ शहरे व गावे असून लोकसंख्या सुमारे ५० लाख आहे. दक्षिणेस रूर नदीकाठी टेकड्या आहेत. उत्तरेकडील एमशर नदीचे खोरे मात्र जवळजवळ सपाट आहे. १९५० नंतरच्या दशकात येथील कोळसा खाणींत चार लाखांहून अधिक माणसे राबत होती. १९५८ पासून स्वस्त तेल आणि आयात कोळसा यांच्यापुढे खाणी टिकेनाशा झाल्या. पोलादाची तीच गत झाली. १९८५ मध्ये डुइसबुर्गच्या मायडरिख भागातील लोखंडाच्या भट्ट्या विझल्या, १९८६ मध्ये एसेनची झोलफेराइन खाण बंद पडली. राइनहाउसेनच्या पोलाद कामगारांनी १९८७-८८ मध्ये दिलेला लढा साऱ्या देशाने पाहिला, तरी तो कारखाना १९९३ मध्ये बंद झालाच. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोपच्या खाणीतून कोळशाचा अखेरचा खडा वर आला आणि रूरमधील कोळसा खाणींचा इतिहास संपला.

मागे राहिले ते लोहमार्ग, कालवे, राखेचे व मातीचे ढिगारे आणि दूषित जमिनी. त्यांपैकी लोहमार्गांचा विचार विशेष महत्त्वाचा आहे. खनिजाने भरलेली जड गाडी चढ चढू शकत नाही. म्हणून उद्योगपतींनी भराव घालून, पूल बांधून आपले मार्ग सपाट ठेवले आणि शहरातील रहदारीच्या वरून किंवा खालून नेले. रूळ उखडल्यावर नेमके हेच गुण सायकलस्वाराच्या उपयोगी पडले. बोखुमच्या पोलाद कारखान्याला कालव्यावरील बंदरातून लोहखनिज पुरवणारा सुमारे १० किलोमीटरचा मार्ग आज अशीच वाट झाला आहे. एकेकाळी खनिजाच्या वाघिणी जात त्या उंचीवरून आता शाळकरी मुले आणि वृद्ध माणसे निर्धास्तपणे जातात.

यांतील बऱ्याच वाटांची बांधणी साधी आहे. खाली जाड खडी, वर बारीक खडी व दगडाची भुकटी. मग पाणी मारून रोलर फिरवायचा. डांबर लागत नाही, पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खर्चही कमी येतो. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर राबलेल्या कोणालाही ही पद्धत अपरिचित नाही.

एमशर नदीची कथा याहून बोधप्रद आहे. खाली कोळसा काढला जात असल्याने वरची जमीन खचत होती. काही ठिकाणी ती २० मीटरांहूनही अधिक खचली. अशा जमिनीत भूमिगत गटारे घातली तर ती फुटणार, म्हणून सबंध नदीच काँक्रीटचे उघडे गटार करण्यात आली आणि तिच्या दोन्ही काठांना कुंपण पडले. हा कारभार पाहणारी सहकारी संस्था १८९९ मध्ये स्थापन झाली. नगरपालिका आणि खाण कंपन्या दोघेही तिचे सभासद होते व घाणीच्या प्रमाणात वर्गणी देत. खाणकाम थांबल्यावर जमीन स्थिरावली, तेव्हा १९९२ पासून पुढील तीस वर्षांत सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्चून सांडपाणी ५१ किलोमीटरच्या भूमिगत वाहिनीत घालण्यात आले. २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. ज्या काठांवर पूर्वी केवळ देखभालीची माणसे जात, तेथे आता सर्वांस मुक्तद्वार आहे.

हे सारे बाजाराच्या नियमांनी घडले नाही. १९८० च्या सुमारास राज्य सरकारने खास निधी उभारून ओसाड औद्योगिक जमिनी विकत घेण्यास आरंभ केला. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत एमशर खोऱ्याच्या पुनर्रचनेचा मोठा सार्वजनिक कार्यक्रम राबवण्यात आला. नगरपालिकांचा प्रादेशिक संघ १९२० पासून अस्तित्वात होता, म्हणून एका शहरात सुरू झालेली वाट दुसऱ्या शहराच्या वेशीवर तुटली नाही. अर्थात यात एक जुना अन्यायही दडलेला आहे. नफा कंपन्यांनी कमावला. दूषित जमीन घेण्याचा व शुद्ध करण्याचा भार मात्र मुख्यतः जनतेच्या पैशावर पडला. खचलेल्या भागातून पाणी तर आजही उपसावे लागते आणि ते कायमचेच उपसावे लागणार आहे. पंप थांबले तर मोठा भूभाग जलमय होईल. सायकलची वाट कोरडी राहते ती या अखंड खर्चामुळे.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. वाट म्हणजे रोजगार नव्हे. याच वाटांच्या जाळ्यात वसलेले गेल्सेनकिर्शेन शहर आजही जर्मनीतील सर्वाधिक बेकारीच्या शहरांत मोडते. ज्याच्या हातचे काम गेले त्याला हिरवळ दाखवून भागत नाही. बंद भट्टीभोवती फुललेले उद्यान पाहून जर कोणी तेथील श्रम आणि संप विसरणार असेल, तर ते उद्यान विस्मृतीचेच साधन ठरेल.

खडी की डांबर, हा वादही वरवर तांत्रिक दिसतो, पण मुळात तो वर्गीय आहे. रुंद चाकांच्या महागड्या सायकलीवरून रविवारी भटकणाऱ्याला खडी प्रिय असते. पहाटेच्या पाळीला निघालेल्या परिचारिकेला किंवा गोदामातील मजुराला पावसात चिखल, हिवाळ्यात बर्फ आणि वाटेवर अंधार नको असतो. त्यांच्यासाठी डुइसबुर्ग ते हाम असा सुमारे १०० किलोमीटरचा पक्का, दिवे असलेला सायकलमार्ग योजण्यात आला. त्याचा म्यूल्हाइम-एसेन हा टप्पा २०१५ मध्ये खुला झाला. सबंध मार्ग मात्र ठरल्या वेळेच्या कितीतरी मागे रेंगाळला आहे. फुरसतीची वाट लवकर होते, कामावर जाण्याची वाट रखडते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन्ही वाटा हव्यात. पण अग्रक्रम कोणाला, हे राजकारणच ठरवते.

आणि म्हणून या प्रश्नाचा मुंबईशी संबंध येतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी, एक भाग सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक भाग मालकासाठी, अशी तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, इमारतींखालची जमीन तीतून सुटली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. जनतेच्या वाट्याला आलेली मोकळी जागा त्यामुळे किती आकसली, हे लोअर परळच्या रस्त्यावरून चालणाऱ्याला सांगावे लागत नाही. जमिनीला गगनाला भिडलेला भाव होता, हे त्याचे एक कारण. रूरच्या दूषित जमिनीला गिऱ्हाईक नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु भाव चढा असला की जनतेचा हक्क घटतो, असा नियम कोणत्याही अर्थशास्त्रात नाही. तो फक्त सत्तेच्या तोलात असतो.

यातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध व्यवहारी आहे. कारखाना बंद होण्याची चिन्हे दिसताच थकबाकी, भरपाई आणि पर्यायी काम यांच्या मागण्यांबरोबरच जमिनीची मागणीही सनदेत आली पाहिजे. किती एकर जमीन, कोणत्या कराराने मिळालेली, कोणता रूळफाटा, कोणता नाला, जमिनीत कोणते विष मुरलेले, याची नोंद युनियनच्या कचेरीत आधीच असली पाहिजे. शुद्धीकरणाचा खर्च कोण देणार, हे टाळे लागण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे. ही माहिती कामगारांइतकी दुसऱ्या कोणालाच नसते. ती गोळा करण्याचे काम संप सुरू होण्याची वाट न पाहता आजच हाती घेता येण्यासारखे आहे.