तरवड

आज तुम्ही गावाहून इथे औरंगपुऱ्यात आलात. वाटेत माळावर पिवळ्या फुलांची झुडपे पाहिलीत ना? तोच तरवड.

टाकळा आणि सोनामुखी ही त्याची भावंडे. टाकळ्याची आपण भाजी करतो. सोनामुखी पोट साफ व्हायला घेतात. तरवडाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून चराईच्या माळावरही तो टिकतो. कोणी त्याच्या काडीने दात घासतो. पण खरा उपयोग सालीचा.

ही साल फार तुरट. आमच्या लहानपणी विहिरीवर मोट चाले. मोट कातड्याची. कच्चे कातडे पाण्यात कुजते, म्हणून ते आधी कमवावे लागे. आमच्या गावी एक म्हातारबाबा हे काम करीत. कातडे चुन्यात घालून ते केस काढीत. मग ते पिशवीसारखे शिवून टांगीत. आत तरवडाची कुटलेली साल आणि पाणी भरीत. वास असा, की आम्ही पोरे नाक धरून पळायचो! तुरटपणा कातड्यात मुरला, की ते लवकर कुजत नसे.

त्या मोटेच्या पाण्यावर साऱ्या गावाची पिके. थारोळ्यातले पाणी आम्हीही ओंजळीने प्यायचो. बाबांना मात्र त्या विहिरीला शिवायची बंदी. राज्यघटनेने १९५० सालीच अस्पृश्यता बंद केली होती. आम्ही तर त्यानंतर जन्मलो. तरी बाबांची म्हातारी घागर घेऊन लांब उभी राही, कोणी वरून पाणी ओतील म्हणून. आम्ही ते रोज पाहत होतो. घरी कधी कोणाला विचारले नाही.