धूम्रपानमुक्तीसाठी औषधांचे साहाय्य

(शिवाजी पेठेतील नागरिकांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धूम्रपानाचे दुष्परिणाम सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. ते पाकिटावरील चित्रे रोजच सांगतात आणि ओढणाऱ्याला ते आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. पहाटेचा खोकला त्याचाच असतो. आमचा विषय त्यापुढचा आहे. ज्याने सोडायचे ठरवले, दोन-तीन वेळा सोडूनही दाखवले आणि तरीही जो कोपऱ्यावरच्या टपरीपाशी परत आला, त्याला वैद्यकशास्त्र आज काय देऊ शकते?

हा विषय निवडण्यास एक निमित्त घडले. गरजू रुग्णांना या औषधांसाठी धर्मादाय निधीतून साहाय्य द्यावे, असा विचार आम्ही मांडला, तेव्हा काही हितचिंतकांनी सद्हेतूनेच विचारले, की ज्याने आपल्या हाताने दुखणे ओढवून घेतले, त्याच्या गोळ्यांचा भार दात्यांनी का वाहावा? मनाचा निग्रह असेल तर माणूस असाच सोडतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

केवळ निग्रहाने सोडणारी माणसे आहेत. तालमीच्या मातीत वाढलेल्या या पेठेत निग्रहाचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही. परंतु औषध अथवा सल्ला यांवाचून सोडू पाहणाऱ्या शंभर जणांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. उरलेले सारे दुबळ्या मनाचे असतात काय? झुरक्यातील निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. वर्षानुवर्षे या चढउताराला सरावलेला मेंदू ते मिळेनासे झाले की बंड करतो. चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, विनाकारण भूक ही त्या बंडाची लक्षणे. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. पुढे दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. फौंड्रीत भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराला या काळात कामही चुकवता येत नाही आणि घरातल्यांचा त्रागाही टळत नाही. औषधाचे काम एवढेच, की हे आठवडे सुसह्य व्हावेत.

यातील एका औषधाची कुळकथा मनोरंजक आहे. युरोपात पिवळ्या फुलांच्या घोसांनी बहरणारे लॅबर्नम नावाचे एक विषारी झाड आहे. त्यातील सायटिसिन या द्रव्याची गोळी बल्गेरियात १९६४ पासून धूम्रपान सोडण्यासाठी विकली जात होती. बाकीच्या जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याच द्रव्याच्या धर्तीवर पुढे व्हॅरेनिक्लिन तयार झाले आणि २००६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मेंदूतील ज्या कुलपात निकोटीनची किल्ली बसते, त्यातच हे औषध बसते, पण अर्धेच फिरते. त्यामुळे तलफ कमी होते, आणि मोह होऊन कोणी ओढलीच, तर निकोटीनला जागा न उरल्याने पूर्वीची गोडी लागत नाही. दुसरे औषध ब्युप्रोपिऑन. ते मुळात नैराश्यावरचे; धूम्रपान सोडण्यासाठी त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. निकोटीनयुक्त च्युइंगम व पट्ट्या हा तिसरा मार्ग.

या औषधांचा गुण किती? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक व्यक्तींच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत अजिबात न ओढणाऱ्यांचे प्रमाण व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के, ब्युप्रोपिऑन आणि निकोटीनची पट्टी घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के, तर नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के होते. म्हणजे उत्तम औषधानेही चारांतील तिघे त्या खेपेस टिकले नाहीत. आम्ही हे लपवत नाही. पण दुप्पट यश ही वैद्यकात लहान गोष्ट नव्हे. व्हॅरेनिक्लिनमुळे मनोविकार बळावतात या भीतीने अमेरिकेत २००९ मध्ये त्यावर कडक इशारा छापला जाऊ लागला होता. याच चाचणीनंतर २०१६ च्या अखेरीस तो काढण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

ही औषधे चिठ्ठीवाचून, शेजाऱ्याने घेतली म्हणून घेण्याची नव्हेत. व्हॅरेनिक्लिन अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्यात मात्रा वाढवतात. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ठरवून धूम्रपान थांबवायचे आणि गोळी बारा आठवडे चालू ठेवायची. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास मळमळ कमी होते. चमत्कारिक स्वप्ने पडतात, त्यांची भीती नको. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. ज्यांना फिट येतात त्यांनी ब्युप्रोपिऑन घेऊ नये. आमचा अनुभव असा, की मळमळीपेक्षा घातक ठरते ते तिसऱ्या आठवड्यातील समाधान. ‘आता सुटली’ म्हणून रुग्ण गोळी बंद करतो आणि कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात पहिली सिगारेट पेटते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत थिओफिलिनसारखी दम्याची औषधे झपाट्याने निकालात काढते. धूर थांबला की तीच मात्रा अंगावर येऊ शकते. छातीत धडधड, उलट्या सुरू झाल्या तर ‘सोडल्यामुळे त्रास झाला’ असे समजून पुन्हा विडी हाती घेऊ नये, डॉक्टरांना मात्रा तपासू द्यावी.

आता हितचिंतकांच्या प्रश्नाकडे वळू. आपल्यापासून निपाणी सुमारे चाळीस किलोमीटर. तेथील तंबाखूवर दोन्ही बाजूंच्या असंख्य घरांची चूल पेटली. तंबाखूच्या रास्त भावासाठी तेथे १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी आंदोलन केले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्या मुलखात तंबाखू ही पीक, मजुरी आणि पाहुणचार आहे, तेथे कुणाच्या हाती विडी आली ती केवळ त्याच्या दोषाने, असे म्हणणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. शिवाय विडी निरुपद्रवी नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि स्त्रीचे आठ वर्षांनी घटते. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे दहा वर्षांनी. मधुमेहाच्या रुग्णाला आपण गोडाचा हिशेब विचारून मग इन्सुलिन देत नाही. हृदयविकाराचा झटका आल्यावर याच माणसासाठी निधी उघडणार असू, तर तो बारा आठवडे आधी उघडणे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

महाराष्ट्रात धुरापेक्षा तंबाखू-चुना आणि मिश्रीचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांच्यासाठी औषधांचा पुरावा धूम्रपानाइतका भक्कम नाही, म्हणून तेथे समुपदेशनावर भर द्यावा लागतो. मिश्री लावणाऱ्या माता-भगिनी हे सांगण्यासही संकोचतात. त्यांनी स्त्री-डॉक्टरांकडे मोकळेपणाने बोलावे.

येताना आधीचे केसपेपर आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर आणाव्यात. फिट, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण अथवा मानसिक आजार असल्यास आधी सांगावे. प्रत्यक्ष येणे शक्य नसेल, तर शासनाच्या १८००-११२-३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर सल्ला मिळतो. आणि पूर्वी सोडून पुन्हा सुरू झाली असेल, तर ती कधी, कुठे, कुणाबरोबर सुरू झाली हे आठवून यावे. औषध ठरवण्याआधी आम्ही तेच विचारणार आहोत.