न दिसणारी जखम
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



माजी सैनिकांच्या हक्कांविषयी बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आम्ही मॅट्रिक झालेले साधे शाळामास्तर. वकील नव्हे, वैद्यही नव्हे. परंतु आमच्या हाताखाली शिकलेल्या, आपल्याच ज्ञातीतील एका मुलाच्या कागदपत्रांत आमची दोन वर्षे गेली. तेवढ्याच अधिकाराने बोलत आहोत.

2012 साली डोंगराळ मुलुखात लष्करी वाहन उलटून या मुलाच्या डोक्यास जबर मार बसला. तीन दिवस तो बेशुद्ध होता. 2014 साली वैद्यकीय कारणास्तव त्यास सेवेतून मुक्त केले. घरी आला तो हातीपायी धड. गावाने पेढे खाल्ले. पुढे मात्र दिसू लागले, की दूध तापत ठेवून हा विसरतो, बाजारातून उरलेले पैसे न घेताच परततो, मुलांचा गलबला त्यास सोसवत नाही. आणि क्षुल्लक कारणाने असा भडकतो, की आमच्या वर्गात मान खाली घालून बसणारा तो हाच का, असा प्रश्न पडावा. काही महिन्यांनी फेफरे येऊ लागले. शेजाऱ्यांनी कांदा हुंगविला, कोणी अंगारा आणला. मेंदूस मार बसल्यावर फेफरे महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होऊ शकते, हे आम्हांस तरी तेव्हा कोठे ठाऊक होते!

सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने दुखापत सेवेमुळेच झाली हे मान्य केले. पण विकलांगता ठरविली 20 टक्के, आणि तीही तात्पुरती. कारण मंडळापुढे मुलगा म्हणाला, “मला काही नाही, साहेब.” घरच्यांनीही तेच सांगितले; धाकट्या बहिणीची सोयरीक जुळत होती ना! यात मुलाने लबाडी केली असे नव्हे. मेंदूच्या दुखापतीत पुष्कळदा आपल्यातील उणीव ओळखण्याची शक्तीच मंदावते. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत घरच्या माणसांची साक्ष हाच मोठा आधार असतो. एका कचेरीत लेखनिकाने त्यास नखशिखान्त न्याहाळून, “हा तर चांगला धडधाकट गडी दिसतो,” असे म्हटले. हात तुटला असता तर तो असे बोलता ना.

आता नियमाची गोष्ट. विकलांगतेबद्दलचे वेतन मिळण्यास दुखापत वा व्याधी सेवेमुळे झालेली किंवा सेवेमुळे बळावलेली असावी लागते, आणि तिचे प्रमाण किमान 20 टक्के असावे लागते. 2001 सालच्या आदेशाप्रमाणे, विकलांगता कायम स्वरूपाची ठरली की तो निर्णय आजन्म टिकतो. सैनिकाने स्वतः मागितल्यावाचून पुन्हा तपासणी नाही. तात्पुरती असेल तर एकच फेरतपासणी होते. म्हणजे आमच्या मुलास संधी एकच होती.

फेफऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. धरमवीर सिंग या जवानास अपस्मारामुळे 1994 साली सेवेतून काढले, आणि ही व्याधी उपजत प्रकृतीची म्हणून वेतन नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल, तर ती सेवेतच उद्भवली असे गृहीत धरावे. उलट सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही, असे त्यात म्हटले आहे.

फेरतपासणीपूर्वी मुलाच्या पत्नीने एक वही घातली. कोणत्या दिवशी फेफरे आले, किती वेळ राहिले, काय विसरला, हे ती रोज लिही. तिची सुवाच्य प्रत करण्याचे काम आमच्याकडे आले. एका पानावर, रागाच्या भरात त्याने चिमुरडीस मारल्याची नोंद होती. सासऱ्यांनी ते पान आमच्या हातून काढून घेतले. “गुरुजी, हे लिहिलेत तर उद्या नातीला कोण करून घेईल?” आम्ही निरुत्तर झालो. खरे सांगायचे तर आमचाही कल पान गाळण्याकडेच होता. तेव्हा दाराआडून सून म्हणाली, “मामंजी, तिचे लग्न व्हायला अजून पंधरा वर्षे आहेत. घरात आज खायला हवे.”

पान राहिले. 2016 साली फेरतपासणीत वही आणि रुग्णालयाचे सर्व कागद मंडळापुढे ठेवले. विकलांगता 40 टक्के, कायम स्वरूपाची, असा निर्णय झाला. 50 पेक्षा कमी प्रमाण 50 धरण्याच्या तेव्हाच्या नियमाने वेतन 50 टक्क्यांचे बसले. मुलगा बरा झाला असे नाही. फेफरे औषधाने आवरले आहे, राग आहेच.

2023 साली नियम नव्याने घडविले गेले आहेत. तेव्हा सेवा कोणत्या तारखेस संपली ते पाहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारपूस करावी. अपिले फेटाळली गेल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईतही आहे. ज्यांच्या घरी असा मुलगा असेल त्यांनी डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत आणि रुग्णालयातील पहिल्या दिवसापासूनचे कागद घेऊन आमच्याकडे यावे. रविवारी दुपारनंतर आम्ही घरीच असतो. वहीचा नमुनाही दाखवू. तशी परवानगी त्या सूनबाईंनी दिली आहे.