यंत्र बदलले, परवान्याचे काय?

(वाशिम येथे सेवा केंद्रचालकांपुढे केलेले भाषण)



सोयाबीनच्या पेरण्या आटोपल्या की तुमच्या केंद्रांपुढे पीक विम्याच्या अर्जांसाठी रांगा लागतात. नेमके त्याच दिवसांत, कधी कडाडत्या विजेने तर कधी विद्युतदाबाच्या चढउताराने, संगणकाचा मदरबोर्ड जळतो. कारागीर तो बदलून देतो, यंत्र सुरू होते आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'विंडोज सक्रिय करा' अशी ओळ उमटते. मग कोणीतरी पेनड्राइव्ह पुढे करतो. मला बोलावयाचे आहे ते त्याच्या आधीच्या क्षणाविषयी.

विंडोज आपण विकत घेतो असे म्हणतो. वास्तविक आपण घेतो तो केवळ वापराचा परवाना. सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ यांतील भेद तुम्हांस सांगावयास नको. परवान्यांचेही तसेच आहे. स्वतंत्रपणे पूर्ण किमतीस घेतलेला 'रिटेल' परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो; मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. तयार संगणकाबरोबर येणारा 'ओईएम' परवाना त्या यंत्राशी, म्हणजे व्यवहारात त्याच्या मदरबोर्डशी, बांधलेला असतो. वर्ग २ च्या जमिनीस निदान जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागता येते. येथे तीही सोय नाही. उत्पादकाने सदोष मदरबोर्ड स्वतः बदलून दिला, तर तेवढा अपवाद. रॅम वाढविल्याने वा हार्ड डिस्क बदलल्याने सामान्यतः बाधा येत नाही.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पात्र यंत्रावर विंडोज ११ विनामूल्य मिळते. परंतु त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. म्हणून अनेकजण मदरबोर्ड बदलून घेतात, आणि जो ओईएम परवाना पुढे न्यावयाचा तोच त्या बदलात गमावतात! विनामूल्य म्हणून आरंभिलेले काम मग नव्या परवान्याच्या खर्चावर येऊन थांबते.

तेव्हा यंत्र उघडण्यापूर्वी परवाना पाहावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी एस, एल, एम, जी, आर ही अक्षरे, थोडी मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि डी, एल, आय असे टंकलिखित करावे. उघडणाऱ्या चौकटीत रिटेल की ओईएम ते दिसते. रिटेल असल्यास परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडून ठेवावा. मागाहून 'ॲक्टिव्हेशन'च्या समस्या-निवारणात नुकतेच हार्डवेअर बदलल्याचे सांगता येते.

पेनड्राइव्हमधील 'क्रॅक'चे काय? सक्रिय न केलेली विंडोज लगेच बंद पडत नाही, त्यामुळे रांगेचे कारण पुढे करून घाई करण्याचे प्रयोजन नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ ख नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पण मला कायद्यापेक्षा त्या रांगेची काळजी अधिक वाटते. रिसोड-मानोऱ्याचा शेतकरी आधार कार्ड व बँकेचे पासबुक तुमच्या हाती देतो, ते तुमच्या यंत्रात साठते. क्रॅकबरोबर आत काय आले, हे ना तुम्हांस ठाऊक, ना त्याला. काही शे रुपयांत मिळणाऱ्या 'की'ही बहुधा मोठ्या संस्थांच्या सामूहिक परवान्यातून निसटलेल्या असतात व केव्हाही रद्द होतात.

परवान्याच्या या कटकटीतून सुटण्याचा आणखी एक मार्ग आहे. सी-डॅकने विकसित केलेल्या, लिनक्सवर आधारित 'बॉस' प्रणालीस असा परवाना हस्तांतरित करावा लागत नाही आणि तीत मराठीची सोय आहे. तथापि, आपले बोटांचे ठसे घेणारे यंत्र व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन तिच्यावर चालते काय, हे एका जुन्या संगणकावर पाहूनच निर्णय घ्यावा. सरसकट शिफारस मी करणार नाही.

आता चहापूर्वी ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांनी ती आज्ञा येथेच चालवून पाहावी. ओईएम किती निघतात ते मोजू.