जुना संगणक अडकतो, तेव्हा
(मंडळाच्या वाचनालयात सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हाला विषय दिला तो असा : घरातला जुना डेस्कटॉप मध्येच अडकतो किंवा सुरूच होत नाही, तेव्हा काय करावं? आम्ही काही मोठे इंजिनिअर नव्हे. डिप्लोमा आणि राज्य सरकारची नोकरी, एवढीच पुंजी. पण आमच्या कार्यालयात दहा-बारा वर्षांची यंत्रं अजून रोज कामाला जुंपलेली असतात. नवीन मागवायचं तर प्रस्ताव वर्षभर टेबलांवरून फिरतो. त्यामुळे आहे तेच चालतं ठेवायची सवय लागली. रविवारी आम्ही दोघे-तिघे सहकारी इथल्या सभासदांच्या घरी जाऊन बघतो, त्यातलं हे सांगतो आहोत.

घरी गेल्यावर पेचकस हातात घ्यायच्या आधी आम्ही एकच प्रश्न विचारतो : यात असं काय आहे, की जे दुसरीकडे कुठेच नाही? यंत्र जुनं, त्याची किंमत भंगाराची. पण आतल्या डिस्कवर नातवाच्या मुंजीचे फोटो असतात, गेलेल्या माणसाचं लिखाण असतं. इथल्याच एका काकूंचं उदाहरण. काकांनी निवृत्तीनंतर आपल्या घराण्याची हकीगत टाईप केली होती, पूर्वज इंदुरात कधी आले, वाडा कुठे होता, सगळं. काका गेले आणि वर्षभरात संगणक उघडेनासा झाला. दुकानात सांगितलं, ‘फॉरमॅट मारना पड़ेगा, आंटी.’ काकूंनी यंत्र तसंच रिक्षात घालून घरी आणलं. फार शहाणपणा केला. फॉरमॅट केल्यावर विंडोज सुरू झालं असतं आणि काका पुसले गेले असते.

तेव्हा क्रम असा : आधी माहिती बाहेर, मग दुरुस्ती. यंत्र चालू होतं पण विंडोज येत नाही, अशा वेळी लिनक्स मिंट घातलेला पेन ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू करता येतो. सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी लागते, कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. फक्त ‘इन्स्टॉल’ वर बोट जाऊ देऊ नका. नुसतं उघडून फाईली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवा. यंत्र अगदीच मेलेलं असेल तर डिस्क काढून साटा ते यूएसबी वायरीने दुसऱ्या संगणकाला जोडा. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून स्वतःचा ॲडॅप्टर असलेली वायर घ्या. लॅपटॉपच्या डिस्कची साधी वायर इथे चालत नाही.

काकूंच्या फाईली उतरल्या, पण उघडल्यावर नुसती चिन्हांची खिचडी. कारण मजकूर जुन्या श्रीलिपीतला. युनिकोडच्या आधीच्या अशा मराठी मजकुराला त्याचाच फॉन्ट लागतो. जुन्या डिस्कवरच्या विंडोजमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डरही आणलं, तेव्हा अक्षरं उमटली. तुमच्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, काहीही असो, फाईलींबरोबर फॉन्ट घ्यायला विसरू नका.

आता यंत्राकडे. बटण दाबल्यावर काहीच होत नाही का, पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो का, की सुरू होऊन थोड्या वेळाने अडकतो? हे तीन आजार वेगळे आहेत.

काहीच होत नसेल तर आधी प्लग, मागचा स्विच, यूपीएस बघा. हसू नका, आमचे निम्मे रविवार इथेच संपतात. मग वायर काढून बटण दहा सेकंद दाबून धरा, पुन्हा लावून बघा. तरीही हूं की चूं नाही, तर बहुधा एसएमपीएस गेला. तो बदलायचा, त्याचा डबा मात्र घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते.

पंखा फिरतो, पडदा काळा : रॅम काढा. प्लग काढलेला हवा, आणि हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. रॅमचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने हलके पुसा, कण झटका, दोन्ही कडांचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यानंतर हा उपाय विशेष लागू पडतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

घड्याळ दर वेळी जुन्या सालावर जात असेल आणि एफ १ दाबायला सांगत असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. सीआर २०३२, तीन व्होल्ट. तारीख चुकली की बँकेची साइटही ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. आणखी एक मेख : बॅटरी संपली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात. त्यात डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली, तर विंडोज निळा पडदा दाखवून पुन्हापुन्हा सुरू होतं. डिस्क ठणठणीत असते, आणि फॉरमॅटचा सल्ला मिळतो!

अडकण्याच्या आजारात आम्ही नम लॉकची कळ दाबतो. दिवा चालू-बंद होत असेल तर यंत्र जिवंत आहे, कामात बुडालंय, थांबा. दिवा ढिम्म असेल तर ते खरंच गोठलंय. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच असं होत असेल तर उष्णता बघा. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादी असते आणि मधली पेस्ट वाळून खडू झालेली असते. गादी ब्रशने काढा, जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. इंटेलच्या जुन्या पंख्यांना चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक सुटली तरी पुरे. बोर्डवरचे कपॅसिटर माथ्यावर पुरीसारखे फुगले असतील तर मात्र आम्ही हात टेकतो; २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांत ही खोड फार.

डिस्क स्वतःच मरायला टेकली असेल तर चेकडिस्क लावू नका. ते आजारी डिस्कला पळायला लावण्यासारखं आहे. आधी फाईली काढा. टक्-टक् असा ठराविक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्या. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर चहा पाजून निरोप द्या.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. जुनं यंत्र विंडोज ११ घेत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार नकोत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण टाईप करायला, फोटो बघायला ते पुष्कळ वर्षं चालेल.

काकूंचं यंत्र अखेर बॅटरी आणि एका रॅमवर सुरू झालं. काकांची हकीगत आम्ही छापून दिली, एक प्रत वाचनालयातही ठेवली आहे. ॲडॅप्टरची वायर आणि मिंटचा पेन ड्राइव्ह ग्रंथपालांच्या कपाटात वरच्या खणात आहे. वहीत सही करून न्या आणि आठवड्यात परत आणून द्या.