बोट आणि पडदा यांच्यामधील विलंब



वसंतातल्या या व्यासपीठावर आपण संतांविषयी ऐकता, स्वातंत्र्याविषयी ऐकता, साहित्याविषयी तर ऐकताच. त्या पंगतीत मोबाईलवरच्या खेळाचे पान मांडणे हे धारिष्ट्यच आहे. परंतु विषय लहान असला, तरी त्यातून निघणारा प्रश्न लहान नाही. म्हणून आपला तासभर मागून घेतो.

आरंभ घरातल्याच एका गोष्टीने करतो. माझा पुतण्या मोबाईलला ब्लूटूथने गेम कंट्रोलर जोडतो, मोबाईलचे चित्र बिनतारी मार्गाने टीव्हीवर पाठवतो आणि मोटारींच्या शर्यती खेळतो. त्याची तक्रार अशी की, बटण आत्ता दाबावे आणि गाडी मागाहून वळावी. चिरंजीवांनी कुठेतरी वाचले की, मोबाईलच्या आतल्या सिस्टिम फाईल बदलल्या म्हणजे हा विलंब जातो. मोबाईल होता वहिनींनी वापरून त्याला दिलेला. त्याने एका रात्रीत तो उघडला, फाईल बदलली. सकाळी पाहतो तो विलंब जागच्या जागी. गेली होती ती वहिनींच्या वडिलांच्या अखेरच्या वर्षातली छायाचित्रे.

हे असे का झाले, हे समजून घेण्यासाठी ब्लूटूथ कसे चालते ते पाहू. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कामास सुरुवात झाली. नाव दिले ते दहाव्या शतकातल्या हॅरल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये काळाचे फार बारीक तुकडे पाडलेले असतात. एक तुकडा ६२५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला १६००. इतका वेग असताना विलंब कसा?

कारण काटकसर. कंट्रोलरची बॅटरी इवलीशी. ती सतत जागी राहिली तर लवकर संपायची. म्हणून कंट्रोलर आणि मोबाईल ठराविक अंतराने भेटायचे ठरवतात आणि मधल्या वेळी रेडिओ निजतो. हे एस.टी.च्या फेऱ्यांसारखे आहे. दर तासाला एक गाडी असेल, तर स्टँडवर अवचित आलेल्या उतारूला सरासरी अर्धा तास थांबावे लागते. गाडी नुकती सुटली असेल तर पुरा तास. आपण दाबलेले बटण हा तो उतारू.

आता आकडे पाहू. ब्लूटूथची जी नवी, कमी वीज खाणारी पद्धत आहे, तिच्यात दोन भेटींमधले अंतर साडेसात मिलिसेकंदांइतके कमी असू शकते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. अँड्रॉइडच्या कित्येक आवृत्त्यांत सर्वसाधारण भेटीचे अंतर ३० ते ५० मिलिसेकंद, घाईच्या कामाचे ११.२५ ते १५ आणि वीज वाचवण्याचे १०० ते १२५ असे ठरवलेले आहे. हे आकडे यंत्रणेच्या पोटात असतात. काही साध्या यादीत, तर काही, विशेषतः जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचे, तयार प्रोग्रॅममध्ये विणून टाकलेले. सिस्टिम फाईल बदलणे म्हणजे तिथे जाऊन एस.टी.च्या फेऱ्या वाढवणे. कल्पना खोटी नाही. अगदी शास्त्रशुद्ध आहे.

मग लाभ किती? हिशेब करू. अंतर ५० असेल तर सरासरी थांबणे २५ मिलिसेकंदांचे. ते १५ वर आणले तर साडेसात. वाचले साडेसतरा. साध्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात. एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. म्हणजे एवढ्या खटाटोपाची कमाई एका चित्राची! कसलेल्या खेळाडूला तीही मोलाची असेल, हे मी नाकारीत नाही.

आता खर्चाची बाजू. अँड्रॉइडची सिस्टिम मोहोरबंद असते. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून मोबाईल सुरू होताना ही मोहोर सक्तीने तपासण्याची सोय आली. आतला मजकूर बदललेला आढळला तर यंत्र सुरू होण्यास नकार देऊ शकते. म्हणून आधी मुळातले कुलूप काढावे लागते. सगळे कारखानदार ते काढूही देत नाहीत. आणि जिथे निघते तिथे ते काढताना मोबाईल आतले सारे पुसून टाकतो. हा दुष्टपणा नव्हे. चोराने कुलूप तोडले तरी त्याच्या हाती आपली पत्रे आणि चित्रे पडू नयेत, म्हणून केलेली ती तजवीज आहे. माझ्या पुतण्याला यंत्राने तशी सूचनाही दाखवली होती. त्याने ती वाचली नाही. पुढे बँकेची ॲप कुरकुरू लागतात, आणि यंत्रणेची नवी आवृत्ती आली की आपला बदल धुऊन जातो, तो निराळाच.

पण खरी चूक याहूनही आधीची. पुढे आम्ही दोघांनी मिळून मोजणी केली. दुसऱ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय होती. तिथे एका चित्राला चार मिलिसेकंदांहून किंचित अधिक. अंगठा आणि टीव्ही एकाच चौकटीत घेतले. बटण दाबल्यापासून गाडी वळेपर्यंतची चित्रे मोजली. पन्नासाहून जास्त भरली. मग ब्लूटूथ बंद करून कंट्रोलर तारेने जोडला. फरक पडला चार-पाच चित्रांचा! उरलेला विलंब टीव्हीपर्यंतच्या बिनतारी प्रवासात आणि टीव्हीच्या पोटात होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मोबाईलच्याच पडद्याकडे पाहून खेळला, तेव्हा तक्रार जवळजवळ मिटली.

तेव्हा माझे सांगणे क्रमाचे आहे. आधी मोजा. तारेने विलंब जात नसेल, तर ब्लूटूथच्या फाईलींना हात लावण्यात अर्थ नाही. टीव्ही पाहा, त्यातली 'गेम मोड' ही सोय लावा. तारेने जात असेल, तर प्रथम ब्लूटूथचे इअरफोन काढा, कारण तेही त्याच रेडिओवर बसलेले असतात. घरचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टी यांची एकच गर्दी होते. कंट्रोलरच्या कंपनीने सुधारणा दिली असेल तर ती घ्या. आणि तार चालत असेल, तर तार वापरण्यात कमीपणा नाही.

इतके करूनही कोणाला यंत्राच्या आत शिरायचे असेल, तर मी त्याला अडवणार नाही. जे यंत्र आपल्या पैशाचे आहे, त्याच्या पोटात काय चालते हे पाहण्याची हौस असणे ही चांगली गोष्ट आहे. आमच्या पिढीने रेडिओ उघडले, घड्याळे उघडली. परंतु आम्ही उघडलेल्या घड्याळात कोणाच्या आठवणी साठवलेल्या नव्हत्या. म्हणून त्यासाठी वेगळा, जुना, रिकामा केलेला मोबाईल घ्या. असेल नसेल ते दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि मूळ आकडा कागदावर टिपून मगच नवा घाला.

वहिनी पुतण्याला रागावल्या नाहीत. त्यांनी नातेवाइकांकडून शोधून सात छायाचित्रे परत मिळवली. बाकीची मिळाली नाहीत. पुतण्या आता कोणतीही दुरुस्ती करण्याआधी "काका, मोजू या का?" असे विचारतो. सतरा मिलिसेकंदांच्या शोधात निघालेल्या मुलाच्या हाती एवढे तरी लागले.